दुधावरचा खटला

२००१ साली बाबांना मुतखडा झाला. त्या कळा ज्याला येतात त्यालाच कळतात. रात्री दोन वाजता रिक्षा शोधत फिरणाऱ्यालाही थोड्याफार. खडा पडला आणि डॉक्टरांनी सांगितलं, दूध-दही-ताक बंद. ताकभाताशिवाय ज्याचं जेवण पूर्ण होत नाही, तो माणूस चार वर्षं निमूट तसाच उठला. २००५ मध्ये दुसरा खडा आला.

लॉजिक मलाही बिनतोड वाटलं होतं. बहुतेक खडे कॅल्शियम ऑक्झलेटचे. कॅल्शियमच तोडलं तर खडा होणार कशाचा? इनपुट बंद, आउटपुट बंद. कित्येक वर्षं जगभर हाच सल्ला दिला जात होता.

पण त्याला पहिला मोठा धक्का १९९३ सालीच बसला होता! हार्वर्डच्या गॅरी कर्हन आणि मंडळींनी ४५,६१९ पुरुषांवर चार वर्षं लक्ष ठेवलं. निघालं काय, तर आहारातून सगळ्यात जास्त कॅल्शियम घेणाऱ्यांना खड्याचा धोका सगळ्यात कमी घेणाऱ्यांपेक्षा सुमारे एक तृतीयांशाने कमी. म्हणजे चक्क उलटं.

गोम आहे आतड्यात. पालक, चहा, दाणे यांतलं ऑक्झलेट तिथे कॅल्शियमला चिकटतं आणि शौचावाटे निघून जातं. कॅल्शियम नसलं की ते मोकळंच रक्तात शोषलं जातं आणि लघवीत उतरतं. आपण पहारेकरीच काढून टाकला होता.

आता कुणी म्हणेल, नुसत्या निरीक्षणावर काय भरवसा? तर इटलीत पार्माच्या लोरिस बोर्गी यांनी प्रयोगच केला. लघवीतून जास्त कॅल्शियम जाणारे, वारंवार खडे होणारे १२० पुरुष. साठांना कमी कॅल्शियम; उरलेल्या साठांना नेहमीइतकं कॅल्शियम, पण मीठ आणि मांसाहार कमी. पाच वर्षांत पहिल्या गटात २३ जणांना पुन्हा खडा झाला, दुसऱ्यात १२ जणांना. हे छापून आलं २००२ साली. बाबांचं ताक तेव्हा बंदच होतं.

खरा आरोपी बऱ्याचदा मीठ असतं. सोडियम वाढलं की लघवीतून कॅल्शियमही जास्त जातं. आमच्याकडे ताक बंद होतं, पण पापड-लोणचं जोरात!

आणि पाणी. बोर्गींचाच १९९६ चा प्रयोग: पहिला खडा होऊन गेलेल्यांपैकी ज्यांनी रोज दोन लिटर लघवी होईल इतकं पाणी प्यायलं, त्यांच्यात पाच वर्षांत १२ टक्क्यांना परत खडा झाला, बाकीच्यांत २७ टक्क्यांना.

हे वाचून कॅल्शियमच्या गोळ्या सुरू करू नका हं, गोळ्यांचं गणित वेगळं आहे. खड्यांचेही प्रकार असतात, तेव्हा पडलेला खडा तपासून घ्या आणि डॉक्टरांना विचारा. पण कुणी सरसकट दूध बंद करायला सांगितलं, तर "का?" एवढं जरूर विचारा. आम्ही विचारलं नाही.

असो. बाटली रिकामी झालीये, भरून आणतो.