काशीची वाट आणि दुर्गाघाट

काशीत पंचगंगेवरून उत्तरेकडे चालू लागले की पहिला लागतो तो दुर्गाघाट, आणि त्याला लागूनच ब्रह्माघाट. घाटाच्या उंच पायऱ्या चढून वर आले की अरुंद गल्ल्या सुरू होतात. नवदुर्गांपैकी ब्रह्मचारिणीचे स्थान याच भागात आहे. या गल्ल्यांतून पिढ्यान् पिढ्या मराठी घरे नांदत आली आहेत. दारावरची नावे कोकणातली आणि देशावरची, पुरणावरणाचा स्वयंपाक आणि गौरी-गणपती जसेच्या तसे. बाहेर पाऊल टाकले की मात्र बोली बनारसी. पुणे येथून सरळ रेषेतही हजार किलोमीटरांहून अधिक दूर. एवढ्या अंतरावर ही वस्ती रुजली कशी, याचा शोध घेऊ गेल्यास तो घाटाच्या दगडांपाशी थांबत नाही. तो मागे मागे सरकत दख्खनेतून निघालेल्या वाटेवर येऊन पोहोचतो.

त्या वाटेचा वहिवाटदार मूळचा पैठणचा. सोळाव्या शतकात रामेश्वरभट्ट हे पैठण सोडून काशीत स्थायिक झाले. त्यांचे पुत्र नारायणभट्ट यांनी 'त्रिस्थलीसेतु' हा ग्रंथ रचला. प्रयाग, काशी आणि गया या तीन क्षेत्री यात्रेकरूने काय करावे, कोणत्या क्रमाने करावे, अडचण आल्यास काय करावे, याचा हा विचार आहे. राज्यकर्त्यांच्या जुलमामुळे विश्वेश्वराचे मूळ लिंग जागेवर नसले तरी त्या स्थानाची पूजा करावी, असा निर्वाळा त्यात आहे. त्यावरून ग्रंथकाराने कसला काळ पाहिला होता हे ध्यानी येते. याच घराण्यातील गागाभट्टांनी 1674 मध्ये रायगडावर शिवछत्रपतींना राज्याभिषेक केला. एकनाथांनी आपल्या भागवतावरील टीकेची समाप्ती 1573 मध्ये काशीतच केली. राज्य येण्यापूर्वीच विद्या आणि भक्ती या वाटेने काशीला पोहोचल्या होत्या.

पण सामान्य गृहस्थाला ही वाट सोपी नव्हती. तीर्थास वाहनाने जाणाऱ्याचे अर्धे पुण्य वाहन घेते, असे धर्मशास्त्रकार सांगत. अशक्ताला अर्थातच सवलत होती. आज नागपूर-जबलपूर-रेवा-मिर्झापूर या हमरस्त्याने मोटारसायकलवरून दोन दिवसांत काशी गाठणाऱ्या तरुणांच्या पदरी या हिशेबाने किती पुण्य पडते, ते त्या शास्त्रकारांनाच विचारावे लागेल! तथापि आधीची तयारी त्या तरुणांना परकी वाटणार नाही. सोबत कोणाची, मुक्काम कोठे, पैसा कसा न्यावा, ओझे किती घ्यावे, वाटेत बिघडले तर काय, हे प्रश्न तेव्हाही हेच होते. उत्तरे तेवढी निराळी होती.

एकट्याने जाणे म्हणजे लुटले जाणे, म्हणून आधी सोबत जमवावी लागे. पावसाळ्यात नद्या उतार देत नसत, त्यामुळे प्रस्थान चातुर्मासाआधी करून पाऊस एखाद्या क्षेत्री काढावा किंवा दसऱ्यानंतर निघावे, असा विचार करावा लागे. घरची निरवानिरव करावी लागे, कारण परतण्याची खात्री कोणीच देऊ शकत नसे. रोकड कमरेला बांधणे धोक्याचे. सावकाराकडे रक्कम भरून काशीच्या पेढीवरील हुंडी घ्यावी हे शहाणपणाचे. सरकारी रस्ते, चौक्या व जकाती यांवर ओळखीची पत्रे उपयोगी पडत. शिवाय यात्राकर होताच. तो कधी दिल्लीच्या अंमलदारांनी घेतला, पुढे कंपनी सरकारनेही प्रयाग आणि गया येथे वसूल केला आणि शेवटी 1840 च्या कायद्याने बंद केला.

आणि एवढे करून केवळ पोहोचणे पुरेसे नव्हते. काशीची यात्रा पुरी होई ती गंगोदक घरी आल्यावर. तांब्याच्या गडूंना मोहोर करून ते आणत. कावड असेल तर ती वाटेत जमिनीला टेकवावयाची नाही असा दंडक. ज्यांची श्रद्धा अधिक ते हेच पाणी पुढे रामेश्वराला नेऊन वाहत आणि सेतूची वाळू आणून गंगेत सोडत. एकनाथांनी रामेश्वराच्या वाटेवर तहानलेल्या गाढवाला कावडीतले गंगाजल पाजले, ही कथा महाराष्ट्राच्या मनात का ठसली हे समजावयाचे असेल, तर त्या पाण्यामागे किती महिन्यांची पायपीट होती याची कल्पना हवी. यात्रेकरू परतला की गंगापूजन करून गावजेवण घाली. त्याला मराठीने 'मावंदे' असा स्वतंत्र शब्दच दिला आहे. भाषा असा शब्द उगाच घडवीत नाही. परत येणे हे तेवढे दुर्मिळ भाग्य होते.

मराठी सत्ता वाढली तसे या वाटेचे रूप पालटले. बाजीराव पेशव्यांच्या मातोश्री राधाबाई 1735 च्या फेब्रुवारीत पुण्याहून उत्तरेच्या यात्रेला निघाल्या. त्यांचा मार्ग सरळ काशीचा नव्हता. त्या राजपुतान्यात उदेपूरला गेल्या, जयपूरला सवाई जयसिंहाचा पाहुणचार घेतला, मथुरा-वृंदावन, कुरुक्षेत्र व प्रयाग करून त्या वर्षीच्या पावसाळ्यानंतर काशीस पोहोचल्या, गयेचे कार्य उरकून बुंदेलखंडातून 1736 च्या जूनमध्ये पुण्यास परतल्या. सव्वा वर्षाहून अधिक काळ एक वृद्ध विधवा परमुलखातून फिरत होती आणि तिचा मुलगा त्या मुलखाच्या बादशाहीशी झगडत होता! महंमदखान बंगश याला बाजीरावांनी 1729 मध्ये बुंदेलखंडात जेरीस आणले होते. त्यानेही आपल्या हद्दीतून बाईंच्या प्रवासाची व्यवस्था सौजन्याने केली. यात त्या सरदारांची सभ्यता होती हे खरे, पण बाजीरावांच्या तलवारीचा धाकही होता. ही यात्रा म्हणजे एक राजकीय चाचपणीच होती, असे इतिहासकार मानतात. 1736 मध्ये बाजीरावांनी बादशहाकडे ज्या मागण्या केल्या, त्यांत प्रयाग, काशी, गया आणि मथुरा ही क्षेत्रे जहागीर म्हणून मिळावीत ही एक होती. मागणी पुरी झाली नाही. काशी मराठी राज्यात कधीच आली नाही.

ती आली नाही म्हणूनच दुर्गाघाटाचे महत्त्व. जेथे सत्ता चालत नव्हती तेथे माणसे नेऊन बसवावी लागली. पेशव्यांचे गुरुस्थानी असलेले नारायण दीक्षित पाटणकर हे गोदाकाठच्या कायगावचे. उतारवयात ते काशीत राहिले. त्यांच्या पुढाकाराने दुर्गाघाट व ब्रह्माघाट यांची बांधणी झाली आणि त्यांच्या आश्रयाने दक्षिणी ब्राह्मणांची वस्ती या भागात दाट झाली. सदाशिव नाईक जोशी यांच्यासारखे व्यवहारी गृहस्थ काशीत राहून पेशव्यांची बांधकामे पाहत, पैशांची ने-आण करीत आणि बातमी कळवीत. शेजारच्या घाटांवरही मराठी संस्थानिक व सरदार यांचा हात फिरला: बिंदुमाधवाचे देऊळ औंधच्या पंतप्रतिनिधींचे, अलीकडे नागपूरकरांचा भोसले घाट, आणि विश्वेश्वराचे नवे मंदिर तर 1780 च्या सुमारास अहिल्याबाई होळकरांनी उभारले. या दानधर्माची वर्णने पुष्कळ झाली आहेत. त्यामानाने त्याच्या उपयोगाकडे कमी लक्ष गेले. थकलेला यात्रेकरू येथे आला की आपल्या भाषेत बोलणारा उपाध्याय भेटे, हुंडी वटे, अन्नछत्रात पान मिळे, आजाऱ्याला ओसरी मिळे, परतीच्या सोबतीची बातमी कळे. उपाध्यायाच्या वहीत आजोबा-पणजोबांची नावे सापडत आणि तेथेच आपले नाव घातले जाई. सरकारी खात्याला हेवा वाटावा असे हे दप्तर होते, आणि ते कोणत्याही सरकारच्या हुकुमाने चाललेले नव्हते.

लष्कराच्या सोबतीने तीर्थयात्रा करण्याची कल्पना मात्र एकदा भयंकर महागात पडली. 1760 मध्ये भाऊसाहेबांच्या फौजेबरोबर शेकडो कुटुंबे उत्तरेची क्षेत्रे घडतील या आशेने निघाली. त्यांत अठरा-एकोणीस वर्षांचे नाना फडणीस होते, त्यांची आई आणि पत्नी होती. इतकी मोठी फौज म्हणजे सर्वांत सुरक्षित सोबत, असा कोणाचाही समज व्हावा. 14 जानेवारी 1761 च्या संध्याकाळी पानिपतावर ती सोबत उरली नाही. नाना जिवानिशी सुटले, पत्नीची पुढे भेट झाली, आई गेली. नानांनी आपल्या त्रोटक आत्मचरित्रात ही हकीकत स्वतः लिहून ठेवली आहे.

याच नानांनी पुढे काशीच्या पलीकडे, गयेच्या वाटेवर, कर्मनाशा नदीवर पूल बांधावयास घेतला. या नदीच्या पाण्याच्या नुसत्या स्पर्शाने सर्व पुण्य नष्ट होते अशी समजूत. काशी करून गयेस जाणाऱ्याला तर ती ओलांडल्यावाचून गत्यंतर नाही. मग माणसांच्या खांद्यावर बसून पलीकडे जाण्याचा प्रघात पडला. खांदा देणाऱ्यांच्या पुण्याचे काय, याची चिंता कोणी केलेली दिसत नाही. नानांच्या हयातीत तो पूल पुरा झाला नाही. एकोणिसाव्या शतकात, 1830 नंतर, काशीच्या राजा पटनीमल यांच्या द्रव्याने आणि जेम्स प्रिन्सेप यांच्या योजनेने तो पार पडला.

1818 मध्ये पेशवाई बुडाली, तरी काशीची वस्ती ओस पडली नाही. उलट तिच्यात भर पडली. अमृतराव पेशवे आधीच तेथे येऊन राहिले होते. चिमाजीअप्पा काशीत राहिले आणि त्यांच्या आश्रयाला असलेल्या मोरोपंत तांब्यांची मुलगी मणिकर्णिका तेथेच जन्मली. तीच पुढे झाशीची राणी झाली, आणि तिच्या नगरात एक कोकणी भिक्षुक येऊन पोहोचला.

पेणजवळच्या वरसई गावचे विष्णुभट गोडसे यांच्यामागे ना पेशवा होता, ना सावकार. घरावर कर्ज होते. मथुरेस बायजाबाई शिंदे सर्वतोमुख यज्ञ करणार, त्याला सात-आठ लाख रुपये खर्च होणार, अशी वार्ता कोकणात आली आणि दक्षिणेच्या आशेने ते काकांसह 1857 च्या वसंतात निघाले. वय तिशीच्या आसपास. आईवडिलांचा पाय निघत नव्हता मुलाला सोडावयास. त्यांना गंगेचे पाणी आणून घालावयाचे, हे मनात धरून ते बाहेर पडले. बेत साधा होता. पुणे, तेथून माळवा, यज्ञ, दक्षिणा, काशी, आणि घर.

महूच्या आसपास येतात तो शिपायांच्या तोंडून पुढच्या उत्पाताची कुणकुण लागली, आणि तेथून तो बेत कोलमडला. यज्ञ राहिलाच. उज्जैन, धार, ग्वाल्हेर असे करीत ते झाशीस आले. राणीच्या आश्रयाला त्यांना मान व धन मिळाले, पण 1858 च्या मार्चअखेर इंग्रजी तोफा शहरावर धडाडू लागल्या. एप्रिलच्या आरंभी शहर पडले तेव्हा चाललेली कत्तल आणि लूट त्यांनी लपून राहून डोळ्यांनी पाहिली. जे मिळवले होते ते गेले. पुढे काळपीच्या वाटेवर पहाटे विहिरीपाशी त्यांना राणी भेटली, धुळीने माखलेली, तहानेली. ते पाणी काढू लागले तेव्हा तिने ते श्रम विद्वान ब्राह्मणाला पडू दिले नाहीत, असे ते सांगतात. त्या पुस्तकातले हे पान एकदा वाचलेला मनुष्य विसरत नाही.

येथून घरी परतले असते तर त्यांना कोणी नावे ठेवली नसती. मुलूख पेटलेला, प्रत्येक नाक्यावर संशय, जवळ पैसा नाही. तरी ते चित्रकूट, लखनौ, अयोध्या असे फिरत काशीला गेले. मागे टाकलेली राज्ये एकापाठोपाठ एक कोसळली होती, मात्र घाट जागेवर होता. मराठी घरे, उपाध्ये आणि त्यांच्या वह्या जागेवर होत्या. गंगेची कावड घेऊन ते दक्षिणेची वाट चालू लागले. सुमारे अडीच-तीन वर्षांनी ते वरसईस पोहोचले. कर्ज फेडण्यासाठी गेलेला मुलगा रिकाम्या हाताने आला होता. आईवडिलांना मात्र गंगोदकाने स्नान घडले.

त्यानंतर दहाच वर्षांनी, 1870 मध्ये, मुंबईकडून आणि कलकत्त्याकडून येणारे लोहमार्ग जबलपूरला जोडले गेले. सव्वा वर्षाचा प्रवास काही दिवसांवर आला. 1887 मध्ये खुद्द काशीस राजघाटापाशी गंगेवर पूल झाला. घाटांवरून तो उत्तरेला दिसतो. मावंदी चालू राहिली, पण गडू आता सामानाबरोबर फळीवर बसून येऊ लागला. गोडसे भटजींनी चिंतामणराव वैद्यांच्या आग्रहावरून 1883 मध्ये आपली हकीकत लिहून काढली, तेव्हा पायी काशी केलेली माणसे गावोगाव विरळ होऊ लागली होती. वैद्यांनी संस्कार करून ती 1907 मध्ये छापली. मूळ हस्तलिखिताबरहुकूम 'माझा प्रवास' वाचकांच्या हाती पडला तो दत्तो वामन पोतदारांच्या संपादनाने, 1966 मध्ये.