चेनेरे

चेनेरे (राख) : एलेओनोरा दूझे (१८५८–१९२४) या थोर इटालियन नटीची प्रमुख भूमिका असलेला मूकपट. दूझेने आयुष्यात केलेला हा एकमेव चित्रपट. तुरिनच्या आंब्रोझिओ या कंपनीने तो १९१६ मध्ये तयार केला. दिग्दर्शन फेबो मारी याचे असून नायिकेच्या मोठ्या झालेल्या मुलाची भूमिकाही त्यानेच केली आहे. सार्डिनिया बेटावर जन्मलेली लेखिका ग्रात्सिया देलेद्दा हिची त्याच नावाची कादंबरी (१९०४) चित्रपटाला आधारभूत आहे. देलेद्दाला पुढे १९२६ चे साहित्याचे नोबेल पारितोषिक मिळाले. पटकथेच्या लेखनात दूझेचाही वाटा होता.

कथा सार्डिनियातील एका गरीब स्त्रीची आहे. रोझालिया देरिओस हिला एका विवाहित पुरुषापासून मुलगा होतो. मुलाचे भले व्हावे म्हणून ती त्याला बापाच्या स्वाधीन करते, त्याच्या गळ्यात एक ताईत बांधते आणि नाहीशी होते. मुलगा अनानिया शिकतो, त्याचे लग्न ठरते. पण आईचा शोध त्याच्या मनातून जात नाही. अखेर ती सापडते, वृद्ध आणि हलाखीत. तिला जवळ ठेवण्याचा त्याचा हट्ट आणि वाग्दत्त वधूची नाराजी यांच्या पेचात आपणच मुलाच्या वाटेतील अडसर आहोत असे वाटून रोझालिया आत्महत्या करते. कादंबरीच्या शेवटी अनानिया तो ताईत उघडतो तेव्हा आत राख निघते. शीर्षक त्यावरूनच आले आहे.

दूझेने १९०९ मध्ये रंगभूमी सोडली होती. या चित्रपटाच्या वेळी ती सत्तावन्न वर्षांची होती. केस पांढरे झालेले होते आणि ते लपवण्याची तिची इच्छा नव्हती. रंगमंचावरही रंगभूषेचा सोस तिने कधी केला नव्हता. तिची मोठी प्रतिस्पर्धी, फ्रेंच नटी सारा बर्नहार्ट हिने १९१२ मध्ये राणी एलिझाबेथवरील मूकपटात काम केले, तेव्हा रंगमंचावरचे भव्य हावभाव तिने जवळजवळ जसेच्या तसे कॅमेऱ्यापुढे आणले. दूझेने नेमके उलट केले. आपल्याला सावलीत ठेवावे, चेहरा फार जवळून टिपू नये, असा तिचा आग्रह होता. त्यामागे वयाचा संकोच असेलही, पण केवळ तेवढेच मानणे तिच्यावर अन्याय करणारे आहे. शब्द हिरावलेल्या या माध्यमात शरीर किती थोडक्यात बोलू शकते, हे तिला अजमावायचे होते. तरुण रोझालियाच्या प्रसंगांत ती बहुधा पाठमोरी, दूर किंवा शालीच्या आडोशाला दिसते. मुलाला सोडून जाण्याचा प्रसंग खांद्यांच्या झुकण्यावर आणि पावलांच्या अडखळण्यावर उभा राहतो. उत्तरार्धात मुलाची भेट होते तेव्हा तिचे हात सगळे सांगून जातात. त्या काळच्या मूकपटांत इतका संयम क्वचितच आढळतो.

चित्रीकरण सार्डिनियात न होता पिएमोंते प्रांतातील आल्प्सच्या दऱ्यांत झाले. तेथील दगडी घरे आणि उघडे उतार कथेला शोभून दिसतात. बाह्यचित्रण ही या चित्रपटाची दुसरी जमेची बाजू. दिग्दर्शन मात्र सर्वत्र सारख्या ताकदीचे नाही, आणि इतर नटांचा ढोबळ अभिनय दूझेशेजारी अधिकच खटकतो.

प्रेक्षकांनी चित्रपटाकडे पाठ फिरवली. इटली पहिल्या महायुद्धात गुंतली होती, आणि पडद्यावर लिदा बोरेल्ली, फ्रांचेस्का बेर्तिनी अशा सौंदर्यवती तारकांचे राज्य होते; पांढऱ्या केसांची, चेहरा झाकणारी नायिका त्या अभिरुचीत बसणारी नव्हती. स्वतः दूझेही निष्पत्तीवर समाधानी नव्हती. १९२१ मध्ये ती इब्सेनच्या नाटकातून रंगभूमीवर परतली. अमेरिकेच्या दौऱ्यावर असताना १९२४ मध्ये पिट्सबर्ग येथे तिचे निधन झाले.

चित्रपटाची उपलब्ध प्रत अर्ध्या तासाहून थोडी अधिक लांबीची आहे. दूझेच्या अभिनयाविषयी समकालीनांनी, त्यांत बर्नार्ड शॉनेही, पुष्कळ लिहून ठेवले. त्या वर्णनांची प्रत्यक्षाशी पडताळणी करण्यासाठी रंगभूमीचे अभ्यासक मुख्यतः याच चित्रपटाकडे वळतात.