पाळ राखणारी माणसे

गोंदिया जिल्ह्यात पावसाची कमतरता नाही. अडचण त्याच्या वेळेची आहे. सारा पाऊस चार महिन्यांत कोसळतो आणि त्यातही मध्येच दडी मारतो. रोवणी आटोपली, धान हिरवेगार झाले आणि नेमके लोंब बाहेर पडायच्या वेळी आभाळ कोरडे राहिले, तर वर्षभराची मेहनत बांधीतच, म्हणजे धानाच्या खाचरातच, वाळते. त्या पंधरा-वीस दिवसांसाठी पाणी धरून ठेवायचे, एवढ्या एका गरजेतून या भागात हजारो तलाव आणि बोड्या उभ्या राहिल्या. मात्र तलाव बांधून प्रश्न संपत नाही, तिथून दुसरा सुरू होतो. तलाव एक, बांध्या अनेक. पाणी आधी कोणाला, किती वेळ, आणि पाळ खचली तर माती टाकायला कोणी यायचे?

गोंदियाच्या तलावांचा इतिहास बहुतेक वेळा बांधणीचा इतिहास म्हणून सांगितला जातो. त्याहून मोठा भाग राखणीचा आहे.

बांधणीचे श्रेय मुख्यतः कोहळी समाजाला जाते. चांद्याच्या (आजच्या चंद्रपूरच्या) एका गोंड राजाने काशीयात्रेहून परतताना या लोकांना सोबत आणले, अशी आख्यायिका आहे. रसेल आणि हिरालाल यांनी १९१६ साली प्रसिद्ध झालेल्या मध्य प्रांतातील जातीजमातींवरील ग्रंथात ती नोंदवली आहे. आख्यायिका खरी असो वा नसो, कोहळ्यांच्या कौशल्याबद्दल वाद नाही. जमिनीचा उतार पाहायचा, दोन टेकड्यांमधली खिंड हेरायची, मातीची पाळ घालायची, पाणी सोडायला तुडुम बसवायचे आणि वरच्या तलावाचे ओसंडणारे पाणी खालच्या तलावात जाईल अशी साखळी जुळवायची. मोजणीची आधुनिक साधने हाताशी नसताना त्यांनी हे केले, आणि तलावाखाली धानाबरोबर ऊसही पिकवला. जो जंगल तोडून तलाव बांधील त्याला त्या पाण्याखालच्या जमिनीत हक्क मिळे, हे गोंड राजवटीचे धोरण या कामामागे होते. राजाने स्वतः तलाव बांधत बसण्यापेक्षा बांधणाऱ्याला बळ दिले.

या साऱ्यांत मोठा तो नवेगावबांधचा तलाव. अर्जुनी मोरगाव तालुक्यात, टेकड्यांच्या कोंदणात, सुमारे ११ चौरस किलोमीटर पसरलेला. अठराव्या शतकाच्या सुरुवातीला कोलू पाटील कोहळी यांनी तो बांधला, असे मानले जाते. आजूबाजूच्या टेकड्यांना ‘सात बहिणी’ म्हणतात आणि कोलू पाटलांना लोकांनी कोलासूर देव करून टेकडीवर बसवले. पुढे मारुती चितमपल्ली यांनी वन खात्याच्या नोकरीत या तलावाकाठी वर्षे काढली आणि इथले पक्षी, झाडे व माणसे मराठी वाचकांच्या घरात पोहोचवली. तलाव बांधणाऱ्याला देव मानणारे गाव पाण्याला काय मोल देत होते, हे वेगळे सांगायला नको.

१८५३ साली तिसरे रघूजी भोसले वारले आणि पुढच्या वर्षी नागपूरचे राज्य इंग्रजांनी खालसा केले. १८६१ मध्ये मध्य प्रांत तयार झाला. त्यानंतरच्या जमाबंदीत गावोगावच्या पाटलांना आणि सारा गोळा करणाऱ्यांना मालकी हक्क मिळाले, ते मालगुजार झाले. गावातले तलावही त्यांच्या नावावर चढले. म्हणूनच आजही सरकारी कागदात या तलावांना ‘माजी मालगुजारी तलाव’ म्हणतात आणि बोलण्यात त्याचे झाले ‘मामा तलाव’.

या जमाबंदीने आणखी एक दस्तऐवज जन्माला घातला. त्याचे नाव वाजिब-उल-अर्ज. गावाच्या रूढी त्यात लिहून काढल्या गेल्या. सिंचनाचे पाणी कोणाला, गुरे कुठे चरतील, सरपण आणि लाकूड कोण कुठून नेईल, येण्याजाण्याची वाट कोणती, असे तोंडी चालत आलेले नेम कागदावर आले. गावकऱ्यांच्या रोजच्या गरजांसाठीचे सामाईक हक्क ‘निस्तार’ म्हणून ओळखले गेले. गुरांना पाणी पाजणे, कपडे धुणे, कुंभाराने माती नेणे, सारे त्यात आले. गावाने स्वतः घडवलेले नेम सरकारने नुसते टिपून घ्यावेत, ही गोष्ट फार मोलाची होती. महाराष्ट्र जमीन महसूल अधिनियम, १९६६ यातही ती टिकली आहे. कलम १६१ निस्तारपत्रकाचे आणि कलम १६५ वाजिब-उल-अर्जचे, आणि त्यात सिंचनाच्या हक्काबरोबर मासेमारीचाही उल्लेख आहे.

अर्थात त्या काळाचे गोडवे गाताना हात आखडता घ्यायला हवा. पाळीवर माती चढवणारे सगळेच आपखुशीने येत नव्हते. मालगुजारीत वेठबिगार होती. मालगुजार भला असला तर दुरुस्तीच्या कामाला धान्य मिळे, नसला तर नुसता हुकूम. तरीही कुळाची बांधी त्याच पाण्यावर पिकत असल्याने पाळ फुटू न देण्यात त्याचाही जीव अडकलेला असे. उन्हाळ्यात काढलेला गाळ त्याच्याच बांधीत जाई. राबणारा, पाणी घेणारा आणि नेम माहीत असणारा, हे तिघे एकाच गावात राहत, बहुधा एकाच घरात.

हे नाते १९५१ मध्ये तुटले. मध्य प्रदेश विधिमंडळाने १९५० मध्ये मालकी हक्क नष्ट करणारा कायदा केला आणि ३१ मार्च १९५१ पासून मालगुजारी संपली. भंडारा जिल्हा तेव्हा मध्य प्रदेशात होता आणि आजचा गोंदिया त्याचाच भाग होता. स्वतंत्र गोंदिया जिल्हा १ मे १९९९ रोजी झाला. मालगुजारी जाणे न्यायाचेच होते, त्याबद्दल दुमत असण्याचे कारण नाही. पण तलाव सरकारजमा झाले तेव्हा सरकारकडे आली ती मालकी. राखणीची जबाबदारी गावातून निघून गेली आणि तालुक्याच्या कचेरीत पोहोचेपर्यंत वाटेतच विरली. लहान तलाव जिल्हा परिषदेकडे, मोठे पाटबंधारे विभागाकडे, अशी वाटणी झाली. सरकारने पाण्यावर आकारणी मागितली. शेतकरी म्हणाले, निस्ताराच्या हक्काचे पाणी आहे, पैसे कसले? वाद वर्षानुवर्षे चालला. ज्याला पाण्याचे पैसे मागितले जातात तो पाळीवर फावडे घेऊन जात नाही, आणि ज्याच्याकडे पैसे जमा व्हायचे त्या खात्याकडे गावागावातल्या तुडुमावर बसायला माणूस नव्हता. गाळ साचला, पोटात बेशरमाची झुडपे माजली, काठावर अतिक्रमणे झाली.

सामाईक वस्तू राखायची कशी, याचे एक उदाहरण अगदी वेगळ्या जगातले आहे. १९९१ साली लिनस टोरवाल्ड्स या फिनलंडमधील विद्यार्थ्याने लिनक्स ही संगणक प्रणाली सुरू केली आणि तिचा कोड सर्वांसाठी खुला ठेवला. जगभरातले हजारो लोक त्यात भर घालू लागले, त्यातले कित्येक विनामोबदला. इतक्या हातांचे लिखाण एकमेकांना वाचता यावे म्हणून टोरवाल्ड्स यांनी कोड लिहिण्याच्या शिस्तीचे एक टिपण केले. ओळ किती आत सरकवायची, म्हणजे आठ अक्षरे, कंस कुठे उघडायचा, नावे कशी द्यायची, इतक्या बारीक गोष्टी त्यात आहेत. त्यासोबत ‘मेंटेनर्स’ नावाची फाईल असते. कोणत्या भागाची राखण कोणाकडे, हे तीत नावानिशी लिहिलेले असते. भर घालायला कोणीही यावे, पण ती आत घ्यायची की नाही हे त्या भागाचा राखणदार ठरवतो. वाजिब-उल-अर्जात आणि या फायलीत दुरान्वयानेही साम्य शोधू नये असे कोणी म्हणेल. तरी दोन्हींमागचा प्रश्न एकच आहे: जे सगळ्यांचे आहे त्याची शिस्त कोणी लावायची आणि दुरुस्तीला कोणी यायचे?

आणि राखणदार कमी पडले की काय होते, तेही तिथे दिसले. इंटरनेटवरचे व्यवहार सुरक्षित ठेवणारे ओपनएसएसएल हे खुले सॉफ्टवेअर जगातल्या मोठमोठ्या कंपन्या फुकट वापरत होत्या. ते सांभाळणारे मात्र मूठभर, त्यात पूर्णवेळ काम करणारा जेमतेम एक. २०१२ मध्ये त्यात शिरलेली एक चूक दोन वर्षे कोणाच्या नजरेस आली नाही. एप्रिल २०१४ मध्ये ‘हार्टब्लीड’ या नावाने ती उघड झाली, तेव्हा जगभर धावपळ उडाली आणि मग कुठे कंपन्यांनी एकत्र येऊन अशा सामाईक कामांसाठी निधी उभा केला. पाणी सगळे घेत होते, पाळीकडे कोणी पाहत नव्हते.

गोंदियात पाळीकडे पुन्हा पाहिले ते मासेमारी करणाऱ्या ढिवर समाजाने. सरकारी मत्स्यविकासाच्या ओघात तलावांत रोहू, कतला, मृगळ यांचे बीज सोडले गेले. स्थानिक मासे मागे पडले आणि त्यांना अंडी घालायला, लपायला लागणाऱ्या पाणवनस्पतीही गेल्या. अर्जुनी मोरगाव तालुक्यातल्या निमगावचे पतिराम तुमसरे हे जुने मासेमार. कोणता मासा कोणत्या वनस्पतीच्या आश्रयाने राहतो, कोणती वनस्पती किती खोल पाण्यात रुजते, याचे त्यांचे ज्ञान पुस्तकात नव्हते. भंडारा निसर्ग व संस्कृती अभ्यास मंडळाचे मनीष राजनकर यांनी ते ज्ञान ऐकून, पारखून, नोंदवून घेतले आणि त्याच्या आधारे निमगावच्या नवतलावात काम सुरू झाले. बेशरमाची झुडपे उपटली. पावसाआधी तलावाचे कडक झालेले पोट नांगरले. मग हायड्रिला, व्हॅलिस्नेरियासारख्या वनस्पती दुसरीकडून आणून योग्य खोलीवर लावल्या. स्थानिक मासे परत आले, त्यांच्यासोबत पक्षीही. इथल्या कामात शालू कोल्हे यांच्यासारख्या ढिवर समाजातल्या स्त्रिया पुढे आल्या, ही या इतिहासातली नवी गोष्ट आहे. जाळे पुरुषाचे आणि टोपली बाईची, असे ठरून गेलेल्या धंद्यात बाई तलावाच्या कामाचे नियोजन करू लागली.

या कामाची गंमत नांगरापेक्षा त्याच्या क्रमात आहे. आधी काय उपटायचे, कधी नांगरायचे, काय किती खोलीवर लावायचे, हा क्रम चुकला तर सगळे श्रम वाया. तो क्रम एका तलावात सिद्ध झाला म्हणून दुसऱ्या गावाला देता आला. याउलट सरकारी योजनांत मामा तलावांचे खोलीकरण झाले तेव्हा हिशेब प्रामुख्याने किती घनमीटर गाळ निघाला याचा राहिला. यंत्राने तलाव सरसकट खोल केला की काठाचा उथळ उतार जातो, आणि मासा अंडी घालतो तो तिथेच. मोजमाप ठेवायला हवेच, पण ते कोण ठरवतो यावर तलावाचे भवितव्य ठरते.

त्याच तलावांच्या काठी आणि धानाच्या बांध्यांत सारस पक्षी राहतो. महाराष्ट्रात तो आज प्रामुख्याने गोंदियातच उरला आहे. या शतकाच्या सुरुवातीला इथले सारस हाताच्या बोटांवर मोजण्याइतके राहिले होते. सावन बहेकार आणि त्यांच्या ‘सेवा’ या संस्थेने शेतकऱ्यांना सोबत घेऊन घरट्यांवर पहारा बसवला. घरटे बहुधा धानाच्या बांधीतच असते, म्हणजे ज्याचे पीक तुडवले जाते त्याच शेतकऱ्याने अंडी राखायची. ही साधी मागणी नव्हे. दरवर्षी पावसाळ्याच्या तोंडावर गणना होते. सारस एका ठिकाणाहून उडून दुसरीकडे बसला तर दोनदा मोजला जाईल, म्हणून ठरलेल्या सकाळी एकाच वेळी, वेगवेगळ्या मुक्कामांवर वेगवेगळी पथके बसतात. विद्यार्थी, शेतकरी, पक्षीनिरीक्षक, वन कर्मचारी, सगळे एकाच पद्धतीने नोंद करतात. वैनगंगा-बाघ नद्यांपलीकडे मध्य प्रदेशातल्या बालाघाटमध्येही मोजणी होते, कारण सारसाला राज्याची हद्द ठाऊक नाही. संख्या चाळिशीच्या आसपास चढली आणि पुन्हा उतरली. ती उतरली हे कळले, कारण वर्षानुवर्षे एकाच रीतीने मोजले गेले होते. २०२१ मध्ये मुंबई उच्च न्यायालयाच्या नागपूर खंडपीठाने स्वतःहून दखल घेऊन सारसाच्या संवर्धनाची याचिका दाखल करून घेतली. न्यायालयापुढे आकडे ठेवायला हेच पहाटेचे कागद होते.

तलावांवरच्या देशभरच्या लिखाणात अनुपम मिश्र यांचे ‘आज भी खरे हैं तालाब’ हे पुस्तक अग्रभागी आहे. मिश्र यांचा जन्म विदर्भातलाच, वर्ध्याचा. १९९३ मध्ये गांधी शांती प्रतिष्ठानने काढलेल्या या पुस्तकावर त्यांनी स्वामित्वहक्क ठेवला नाही. ज्याला छापायचे त्याने छापावे, भाषांतर करायचे त्याने करावे. अनेक भाषांत ते गेले.

गोंदियाच्या गावांतले वाजिब-उल-अर्ज मात्र अजून बहुतांशी अभिलेखागारांतल्या बस्त्यांत बांधलेले आहेत, जुन्या हस्ताक्षरात आणि फारसी शब्दांनी भरलेले. ते गावोगाव उतरवून काढले, सोप्या मराठीत ग्रामसभेपुढे वाचले, तर तलावाच्या पाण्यावर आणि माशांवर कोणाचा काय हक्क होता हे गावालाच पुन्हा कळेल. त्यासाठी कलम १६५ मध्ये आजही जागा आहे: रूढीची नोंद चुकीची वाटली तर ती दुरुस्त करून घेण्याचा मार्ग कायद्याने मोकळा ठेवला आहे. निमगावच्या ढिवरांसारखी माणसे गावोगाव आहेत. त्यांच्या हातात त्यांच्याच गावाचा कागद पडायला हवा, आणि हे काम पुढच्या रोवणीच्या आधी सुरू करता येण्याजोगे आहे.