तळटीप १४ : कॉमकास्ट प्रकरण
१४. कॉमकास्ट ही अमेरिकेतील मोठी केबल-ब्रॉडबँड कंपनी. बिटटॉरेंटवरून फायली पाठवणाऱ्या ग्राहकांच्या संगणकाला आणि पलीकडच्या संगणकाला ती 'जोडणी तोडा' असे संदेश धाडत असे, तेही एकमेकांच्या नावाने. त्यामुळे दोघांनाही वाटे की समोरच्यानेच संपर्क तोडला. असोसिएटेड प्रेस या वृत्तसंस्थेने ऑक्टोबर २००७मध्ये बायबलची प्रत पाठवून पाहिली आणि हा प्रकार चव्हाट्यावर आला. लेखक याला 'वाहतूक-नियमन' म्हणतात. प्रस्तुत संपादकाला तो शब्द फार सौम्य वाटतो. गर्दीच्या वेळी सर्वांचाच वेग थोडा कमी करणे वेगळे आणि ग्राहकाच्या नावाने खोटा निरोप देणे वेगळे. अमेरिकेच्या दूरसंचार आयोगाने, म्हणजे एफसीसीने, ऑगस्ट २००८मध्ये ही पद्धत बंद करण्याचा आदेश दिला. कंपनीने ती वर्षअखेरीस सोडली. वर उल्लेखलेला एप्रिल २०१०चा निकाल कॉमकास्टच्या बाजूने लागला, हे खरे. मात्र वॉशिंग्टनच्या अपील न्यायालयाने कंपनीचे वर्तन योग्य ठरवले नाही. असा आदेश देण्याचा अधिकार कोणत्या कायद्यातून मिळतो हे आयोगाला दाखवता आले नाही, एवढ्याच मुद्द्यावर आदेश रद्द झाला.