मुंग्यांचें कांचेचें घर

दिवेआगरच्या अंगणांत सुपारी वाळत घातलेली असते, हें किनाऱ्यावरच्या मंडळींस नवें नाहीं. परंतु मुंगीहि आपलें धान्य उन्हांत वाळविते, हें विद्वानांस पटावयास पुष्कळ काळ जावा लागला. प्राचीन ग्रंथांत मुंगीच्या साठवणीची स्तुति आहे. उत्तर युरोपांतील मुंग्या मात्र हिवाळ्यांत निपचित पडून राहतात, त्यांना साठ्याची गरज नसते. म्हणून तेथील अभ्यासकांनीं जुनी समजूत खोटी ठरविली.

ती खरी असल्याचा पुरावा आपल्या पुण्यानें दिला. मुंबई सरकारच्या नोकरींतील कर्नल साइक्स यांस तेथील कवायतीच्या मैदानाजवळ गवताच्या बियांचे मूठमूठभर ढीग दिसले. पावसानें भिजलेलें बीं मुंग्यांनीं ऊन पडतांच वर आणून पसरलें होतें. १८३५ सालीं प्रसिद्ध केलेल्या वर्णनांत त्यांनीं या जातीस ‘दूरदर्शी’ अशा अर्थाचें लॅटिन नांव दिलें. त्यांच्याच घरीं मिठाईच्या मेजाचे पाय पाण्यांत ठेवलेले असत. तेव्हां मुंग्या भिंतीवर चढून वरून मेजावर पडत!

पण वारुळाच्या आंत काय चालतें, हें मैदानांत उभें राहून कळत नाहीं. इंग्लंडांत सर जॉन लबक यांनीं दोन कांचांमध्यें मातीचा पातळ थर देऊन मुंग्या घरीं पाळल्या, त्यांवर रंगाचे ठिपके लावले आणि नित्य टिपणें ठेविलीं. मुंगी वर्षभरच जगते, असा तेव्हां समज होता. त्यांनीं १८७४ सालीं आणलेली एक राणी १८८८ पर्यंत जगली.

आज हा छंद जगभर पसरला आहे, आणि त्याबरोबर लोभहि. २०२५ सालीं केनियांतील न्यायालयानें हजारों राणी मुंग्या चोरून परदेशीं नेऊं पाहणाऱ्या चौघांस दंड केला. त्यांत बहुतेक बीं वेंचणाऱ्या मुंग्याच होत्या. राणी गेली कीं नव्या मुंग्या निपजत नाहींत व वारूळ ओस पडतें. शिवाय परक्या मुलखांतील मुंगी कांचेंतून निसटून येथें रुजली, तर आपल्या वाडीचेंच नुकसान व्हावयाचें.

म्हणून कोरड्या वाळवंटांतील मुंगी दमट कोंकणांत आणण्याचा मोह कोणीं धरूं नये. ज्यास हौस असेल, त्यानें पोफळीच्या बुंध्याशीं बसून तेथील मुंग्यांची रांग रोज पाहावी, तारीख घालून टिपून ठेवावी. साइक्स यांचा शोध एवढ्याच साधनांवर लागला होता.