विश्वकिरणांवरून सूर्यमालेबाहेरील चुंबकीय क्षेत्राचा वेध

विश्वकिरण हे विद्युतभारित कण. चुंबकीय क्षेत्रात त्यांची वाट वळते, म्हणून ते कोठून निघाले हे त्यांच्या दिशेवरून सांगता येत नाही. खगोलशास्त्रज्ञांची ही जुनी अडचण. पण हेच वळण त्या क्षेत्राची साक्षही देते.

व्हॉयेजर-१ ने ऑगस्ट २०१२ मध्ये सौरवाऱ्याची सीमा ओलांडली, तेव्हा चुंबकीय क्षेत्राची दिशा अपेक्षेप्रमाणे बदलली नाही. यान खरोखरच बाहेर पडले काय, असा वाद उद्भवला. नासाच्या आयबेक्स उपग्रहाने २००९ मध्ये दाखविलेल्या उदासीन अणूंच्या पट्ट्यावरून तर वेगळीच दिशा निघत होती.

न्यू हॅम्पशायर विद्यापीठाचे नेथन श्वाड्रन व सहकारी यांनी २०१४ मध्ये तिसरा साक्षीदार पुढे आणला: न्यू मेक्सिकोतील मिलाग्रो (मुळात डोंगरातले एक झाकलेले तळे!), तिबेट आणि दक्षिण ध्रुवावरील आइसक्यूब येथील विश्वकिरणांच्या नोंदी. निरनिराळ्या दिशांनी येणाऱ्या किरणांच्या संख्येत फरक हजारात सुमारे एकाचाच. तरी त्याची मांडणी आयबेक्सने सुचविलेल्या दिशेशी जुळली. व्हॉयेजर मोजते ते सीमेलगतचे, सूर्याच्या अडथळ्याने वाकलेले क्षेत्र असावे. अतिउच्च ऊर्जेचे विश्वकिरण त्याच्याही पलीकडची खबर आणतात.