बडतर्फ अधिकारी, नामांकित शिक्षक

'मुलाला सोळावे लागले' म्हणजे पंधरा पुरी झाली, हे आपल्याकडे कुणालाही समजते. परंतु विलायतेतील साहेबांना ते समजले नाही, आणि कलकत्त्याच्या सुरेंद्रनाथ बॅनर्जींची सनदी नोकरी हातची जाण्याची वेळ आली!

त्यांचा जन्म १८४८ चा. १८६९ साली लंडनला ते सनदी परीक्षा उत्तीर्ण झाले. मात्र एंट्रन्स परीक्षेच्या वेळी वय सोळा लिहिलेले. त्यावरून 'एकवीसची मर्यादा ओलांडली' असा ठपका आला. सुरेंद्रनाथ कोर्टात गेले आणि जिंकले. १८७१ मध्ये सिल्हेट येथे असिस्टंट मॅजिस्ट्रेट झाले. पुढे एका खटल्यातील आरोपीची नोंद चुकीने 'फरारी' अशी झाली. कागदाच्या गठ्ठ्यात न वाचता सही झाली, हे त्यांचे म्हणणे. १८७४ साली ते बडतर्फ झाले. हाती दरमहा ५० रुपये पेन्शन. दाद मागण्यास ते पुन्हा विलायतेस गेले, पण व्यर्थ. बॅरिस्टरीचे दारही बंद झाले. गोऱ्या अधिकाऱ्याला एवढी शिक्षा झाली असती काय? मला तरी तसे वाटत नाही.

अशा माणसाला ईश्वरचंद्र विद्यासागरांनी आपल्या संस्थेत इंग्रजीचा प्राध्यापक नेमले. कलंकित म्हणून जग ज्याला टाळत होते, त्याच्या हाती त्यांनी विद्यार्थी सोपविले! शिक्षणसंस्था चालविणाऱ्यांनी हा प्रसंग जरूर ध्यानात घ्यावा. सुरेंद्रनाथांनी पुढे स्वतः एक शाळा हाती घेऊन तिचे रिपन कॉलेज केले.

१८७६ साली त्यांनी इंडियन असोसिएशन स्थापन केली. याच सुमारास सनदी परीक्षेची वयोमर्यादा २१ वरून १९ वर आणण्याचे ठरले. वयाच्या अटीनेच गांजलेला हा गृहस्थ त्याविरुद्ध पार लाहोरपर्यंत सभा घेत फिरला. १८८३ मध्ये 'बेंगाली' पत्रातील लेखाबद्दल दोन महिने तुरुंगवास झाला. १८९५ च्या पुणे काँग्रेसचे ते अध्यक्ष होते.

उतारवयात 'सर' ही पदवी व १९२१ साली बंगालचे मंत्रिपद स्वीकारल्याने तरुण त्यांच्यापासून दुरावले. १९२३ साली त्यांनी कलकत्ता महापालिकेत लोकनियुक्त सभासदांचे बहुमत आणणारा कायदा केला. त्याच वर्षी डॉ. बिधानचंद्र रॉय या नवख्या उमेदवाराने त्यांना कौन्सिलच्या निवडणुकीत पाडले. १९२५ च्या ऑगस्टमध्ये ते वारले. रिपन कॉलेजला स्वातंत्र्यानंतर सुरेंद्रनाथ कॉलेज हे नाव मिळाले.